१३८ डिकोडर : दोन एलईडी एकदम लागतात, क्रम चुकतो किंवा काहीच लागत नाही, तर कुठे बघायचं

गणपती जवळ आले की इंदुरात हा प्रॉब्लेम हमखास येतो. कुणाला घरच्या मखराला धावते दिवे करायचे असतात, कुणी अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी (मिरवणुकीतल्या चित्ररथासाठी) जरा मोठं काहीतरी जमवत असतं, आणि त्याच सुमाराला कॉलेजच्या पोरांचे मिनी प्रोजेक्ट. सर्किट सगळ्यांचं जवळपास तेच, ५५५ चा क्लॉक, पुढे काउंटर, त्याच्या पुढे ७४एलएस१३८ नाहीतर ७४एचसी१३८ (तीन इनपुटांवरच्या बायनरी आकड्याप्रमाणे आठातलं एक आउटपुट निवडणारा डिकोडर), आणि आठ एलईडी. तक्रार पण तीच. "काका, आयसी खराब निघाली, जेल रोडवरून दुसरी आणली तर ती पण खराब."

दोन्ही आयसी बहुतेक चांगल्याच असतात. १३८ सारखा डिकोडर बिचारा फार सरळ प्राणी आहे, त्याच्या सहा पिनांवर त्या क्षणी जे काही आहे तेच तो आउटपुटला दाखवतो, त्याला मेमरी नाही, डोकं नाही. त्यामुळे आउटपुटला जे चुकीचं दिसतंय त्यावरूनच कुठली तार चुकलीय ते ओळखता येतं, आणि हे एकदा जमलं की आयसी बदलत बसायची गरज पडत नाही. खाली सगळे आकडे १६ पायांच्या साध्या डिप आयसीचे आहेत.

आधी आत काय असतं ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ए, बी, सी या तीन इनपुटांची प्रत्येकी एक सरळ आणि एक उलटी अशी तार आत जाते, म्हणजे सहा तारा. आठ नँड गेट असतात आणि प्रत्येक गेट या सहातल्या आपल्या ठरलेल्या तीन तारा घेतो. आउटपुटांची नावं वाय-० ते वाय-७. वाय-५ चा गेट घ्या, ५ म्हणजे १०१, म्हणून तो सी सरळ, बी उलटा, ए सरळ घेतो, आणि चौथी तार एनेबलची, म्हणजे डिकोडर चालू-बंद करणारी. चारही हाय (पाच व्होल्टकडे) झाल्या की नँड असल्यामुळे आउटपुट लो (शून्याकडे). बाकी सात गेटांची कुठली ना कुठली एक तार तेव्हा लो असतेच, म्हणून ते हाय राहतात. आता गंमत बघा, कुठलेही दोन गेट घ्या, निदान एका इनपुटाबाबत एकाला सरळ तार हवी असते आणि दुसऱ्याला उलटी. म्हणजे दोन आउटपुट एकाच क्षणी लो होऊच शकत नाहीत. हे डोक्यात पक्कं ठेवा, "दोन एकदम लागतात" वाल्यांसाठी सगळा खेळ इथेच आहे.

काहीच लागत नाही

एनेबल. दहातले नऊ वेळा एनेबल. १३८ ला तीन आहेत, पिन ६ ला हाय पाहिजे, पिन ४ आणि पिन ५ ला लो पाहिजे, तिन्ही एकदम. एकही बिघडला तर आठही आउटपुट हाय जाऊन बसतात आणि इनपुटला तुम्ही काहीही करा, काही हलत नाही. "मला एनेबल वापरायचाच नाहीये म्हणून मोकळा सोडला" असं पुष्कळ जण सांगतात, आणि एलएस असेल तर तिथेच फसतात, कारण एलएस ही टीटीएल जातीची, आणि टीटीएलचं मोकळं इनपुट हायसारखं वागतं. पिन ६ मोकळा राहिला तर नशिबाने चालून जातं, पण ४ आणि ५ मोकळे राहिले की डिकोडर कायमचा बंद. एचसी (सीमॉस जातीची) असेल तर अजून वाईट, मोकळा पिन कधी हाय कधी लो, हात जवळ नेला की चालतं आणि हात काढला की बंद, मग लोक म्हणतात भूत आहे. नको असलेले एनेबल तारेनेच बांधून टाका, ६ पाच व्होल्टला, ४ आणि ५ ग्राउंडला.

एनेबल बरोबर आहेत तरी मेलेलं, तर सप्लाय बघा, पण ब्रेडबोर्डच्या लाल पट्टीवर नाही, आयसीच्या पायावर प्रोब टेकवून. १६ आणि ८. लांब ब्रेडबोर्डांची सप्लायची पट्टी बऱ्याचदा मधोमध तुटलेली असते, वरची लाल रेघही तिथे खंडित दाखवलेली असते पण कोण बघतं. काउंटर डावीकडे आणि डिकोडर उजवीकडे असेल तर अर्ध्या बोर्डला सप्लायच नाही. एचसीमध्ये याची अजून एक तऱ्हा आहे, १६ ला काहीच नसतं तरी आयसी अर्धवट चालते! इनपुट पिनाला आत संरक्षणाचे डायोड असतात, हाय असलेल्या इनपुटातून त्या डायोडामार्गे सप्लायच्या पायावर करंट पोचतो आणि आयसी त्यावर कशीबशी जगते. लक्षण असं की ए, बी, सी पैकी काहीतरी हाय असताना एलईडी मिणमिणतात आणि सगळं ००० झालं की पूर्ण अंधार. असं दिसलं की दुसरं काही शोधायला जाऊ नका, १६ नंबर मोजा.

एक सोडून सगळे लागतात

हा दोष नाहीच आहे. १३८ चं निवडलेलं आउटपुट लो असतं आणि बाकीचे हाय. तुम्ही एलईडी आउटपुटपासून ग्राउंडला लावलात तर सात लागणार आणि एक विझणार, आणि तेही मंद, कारण एलएस आउटपुट हाय असताना करंट द्यायला फार कंजूष, हमी फक्त ०.४ मिलीअँपची. लो असताना तेच आउटपुट ८ मिलीअँप ओढू शकतं. म्हणून एलईडी उलटा करायचा, लांब पाय रेझिस्टरमधून पाच व्होल्टला आणि आखूड पाय आयसीच्या पिनाला. ४७० ओम लावा, लाल एलईडीला साधारण पावणेसहा मिलीअँप मिळतात, भरपूर झाले. ३३० लावलं तर मर्यादेच्या काठावर जातं, मी तरी लावत नाही.

मखरवाल्यांचं याच्या पुढचं दुखणं म्हणजे रिले. ते १३८ च्या पुढे यूएलएन२००३ ही रिले ओढणारी ड्रायव्हर आयसी ठोकतात, सगळे तोच वापरतात म्हणून, आणि मग सात माळा पेटलेल्या आणि एक विझलेली पळते. यूएलएनला इनपुट हाय लागतं रिले ओढायला, १३८ देतो लो. इथे ७४एचसी२३८ घ्या, पाय तेच, काम तेच, फक्त निवडलेलं आउटपुट हाय. बाकी वायरिंगला हात लावायचा नाही. आणि आठ माळा असतील तर यूएलएन२८०३, कारण २००३ मध्ये सातच खण आहेत, आठवी माळ कुठे लावायची ते पोरांना शेवटच्या रात्री समजतं. त्याचा कॉमन पिन रिलेच्या सप्लायला जोडायला विसरू नका, २००३ ला ९ नंबर, २८०३ ला १० नंबर. तो राहिला तर रिले सुटताना कॉइलचा झटका परत सर्किटात येतो आणि काउंटर मनाने उड्या मारायला लागतो, आणि खापर परत डिकोडरवर.

क्रम चुकतो

हा माझा सगळ्यात आवडता, कारण मीटरसुद्धा लागत नाही. क्लॉक हळू करा, सेकंदाला एक वगैरे, आणि कागदावर लिहून काढा की कुठला एलईडी कुठल्यानंतर लागतो. मग वाचा.

० ४ २ ६ १ ५ ३ ७ असं आलं तर ए आणि सी ची अदलाबदल झालीय. हे सगळ्यात जास्त होतं कारण पिन १ ला ए आहे, तो सगळ्यात छोटा बिट, आणि आपण कागदावर मोठा बिट आधी लिहितो म्हणून पहिली तार पिन १ ला खुपसतो. ० २ १ ३ ४ ६ ५ ७ म्हणजे ए-बी बदललेत. ० १ ४ ५ २ ३ ६ ७ म्हणजे बी-सी. ७ आणि ० या तिन्ही प्रकारात जागच्या जागीच राहतात, म्हणून "सगळे स्विच शून्य केले, सगळे एक केले, दोन्ही बरोबर आलं, म्हणजे वायरिंग ओके" असं कुणी म्हणालं तर मान हलवू नका, त्या दोन टेस्टनी अदलाबदल कधीच पकडली जात नाही.

० १ २ ३ ० १ २ ३ आलं, तीनच्या पुढे जातच नाही, तर सी कुठेतरी लोला अडकलाय. १ १ ३ ३ ५ ५ ७ ७ आलं तर ए हायला अडकलाय, एलएसमध्ये बहुधा त्याचा जंपर सुटलेला असतो. २ ३ २ ३ ६ ७ ६ ७ तर बी. आणि काही केलं तरी वाय-७ च लागून राहतो, तर तिन्ही इनपुट हवेत आहेत, टीटीएलला ते १११ वाटतं.

७ ६ ५ ४ ३ २ १ ० असं पूर्ण उलटं आलं आणि तुम्ही डिप स्विच वापरताय, तर स्विच ग्राउंडला जोडलाय आणि पुलअप (इनपुटाला पाच व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) आहे, म्हणजे स्विच "ऑन" केला की ० जातो. चुकीचं काही नाही, फक्त तुम्ही ज्याला एक समजताय तो शून्य आहे.

क्रम सगळा बरोबर आणि फक्त शेवटचा एलईडी क्रमात येत नाही, तर पायांकडे बघा. वाय-० ते वाय-६ उजव्या बाजूला १५ पासून ९ पर्यंत ओळीने उतरतात आणि वाय-७ एकटाच डाव्या बाजूला, पिन ७ वर, ग्राउंडच्या वर बसलाय. पोरं आठवा एलईडी पिन ८ ला लावतात. पिन ८ ग्राउंड, त्यामुळे तो एलईडी गायब न होता उलट कायम लागून राहतो, आणि ते पण कुणाला खटकत नाही.

काउंटर ७४९० किंवा ७४९३ असेल तर डिकोडरला शिव्या देण्याआधी काउंटर बघा. त्यांचा सप्लाय नेहमीसारखा कोपऱ्यात नसतो, पाच व्होल्ट पिन ५ ला आणि ग्राउंड पिन १० ला. शिवाय रीसेटचे २ आणि ३ ग्राउंडला लागतात, आणि ७४९३ मध्ये पिन १२ बाहेरून पिन १ ला जोडावा लागतो नाहीतर पहिला बिट एकटाच नाचत राहतो आणि बाकीचे तीन ढिम्म, म्हणजे डिकोडरवर दोनच एलईडी आळीपाळीने.

दोन एकदम लागतात

वर म्हटलं तसं दोन आउटपुट एका क्षणी लो होऊ शकत नाहीत. तरी डोळ्याला दोन दिसतायत याचा अर्थ ते आळीपाळीने लागतायत, इतक्या जोरात की डोळा फसतो, आणि म्हणूनच दोन्ही जरा मंद दिसतात. म्हणजे एखादं इनपुट सतत हलतंय. कुठलं, ते त्या दोन नंबरांच्या फरकात लिहिलेलं असतं. फरक १ आणि छोटा नंबर सम असेल तर ए. वाय-० आणि वाय-२, किंवा वाय-५ आणि वाय-७, म्हणजे फरक २, बी. फरक ४ म्हणजे सी. चार एलईडी मंद लागलेत तर दोन इनपुटं मोकळी. आठही मंद, तर तिन्ही, किंवा क्लॉकच इतका फास्ट ठेवलाय की सगळे पळतायत, ५५५ चा कपॅसिटर बघा, १० मायक्रोच्या जागी १०४ (म्हणजे ०.१ मायक्रो) बसलाय का.

वाय-० आणि वाय-३ ची जोडी दिसली तर मात्र थोडं वेगळं आहे, तिथे ए आणि बी एकत्र हलतायत, म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटल्यात, ब्रेडबोर्डवर एकाच ओळीत दोन जंपर गेलेत किंवा पीसीबीवर सोल्डरचा पूल झालाय.

मागे एक सेकंड इयरची पोरगी बोर्ड घेऊन आली होती, एचसी१३८, वाय-२ आणि वाय-६ दोन्ही मंद.

"काका, दोन्ही दाखवतोय हा. डेटाशीटमध्ये तर एकच लिहिलंय."

"सहातून दोन गेले?"

"चार."

"चार कुणाचा?"

"सी चा... पण सी तर ग्राउंडला लावलाय, हे बघा ना."

जंपर खरंच ग्राउंडच्या पट्टीत गेलेला होता, दुसरं टोक पिन ३ च्या ओळीत, दिसायला एकदम बरोबर. मी मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला लावून लाल प्रोब पिन ३ ला टेकवला, तर वाय-६ विझला आणि वाय-२ लख्ख. प्रोब उचलला की परत दोन्ही. तिला वाटलं मीटरने दुरुस्त झालं. झालं असं होतं की जंपरच्या आत तांब्याची तार तुटलेली होती, वरचं प्लास्टिक शाबूत, त्यामुळे पिन ३ हवेत, आणि खोलीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची भुणभुण तो पिन अँटेनासारखी ओढत होता, सेकंदाला ५० वेळा हाय-लो. मीटरचा स्वतःचा १० मेगाओमचा रेझिस्टन्स एचसीच्या इनपुटाला खाली ओढायला पुरतो, म्हणून प्रोब लावलं की रोग गायब. म्हणूनच एचसीवर मोजताना मीटरच्या आकड्याइतकंच एलईडीकडेही लक्ष ठेवा, प्रोब टेकवल्यावर सर्किट सुधारलं तर तो पिन मोकळा आहे हे शंभर टक्के. जंपर कंटिन्युटीला लावून टोकं जरा वाकवून बघा, सुट्टे मिळणारे स्वस्त जंपर तर आधीच बघून घ्यावेत.

पुलडाउन (इनपुटाला ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर) लावलाय तरी तेच होतंय, तर रेझिस्टरची किंमत सांगा. नेटवर सगळीकडे १०के दाखवतात आणि ते एचसीला ठीकच आहे. पण एलएसच्या इनपुटातून करंट बाहेर येतो, एलएस कुटुंबात ०.४ मिलीअँपपर्यंत, आणि त्याला लो म्हणून ओळखायला ०.८ व्होल्टच्या खाली यावं लागतं. ०.४ गुणिले १०के, कागदावर ४ व्होल्ट झाले! प्रत्यक्षात ते एवढं चढत नाही, वर-खाली मधेच लटकून राहतं, पण लो नक्की नाही. १के लावा, ०.४ व्होल्ट होतो, काम फत्ते. खरं तर एलएसला पुलडाउनच्या भानगडीत पडूच नये, १०के पुलअप आणि स्विच ग्राउंडला, मग फक्त उलटं मोजायची सवय ठेवायची.

इनपुट सगळी घट्ट आहेत तरी लुकलुकतंय, तर सप्लाय. आयसीच्या १६ आणि ८ च्या अगदी जवळ १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर, प्रत्येक आयसीला आपापला. साधा बायपोलर ५५५ आउटपुट बदलताना सप्लायमधून क्षणभर मोठा करंट ओढतो, त्याच्या शेजारी १०४ आणि १०० मायक्रो दोन्ही टाका. "इतके दिवस तर त्याशिवाय चालत होतं" हे मला सांगू नका.

एलईडी बरोबर दिसतात पण पुढचं सर्किट भलतंच ट्रिगर होतं

म्हणजे तुम्ही डिकोडरचं आउटपुट दुसऱ्या फ्लिपफ्लॉपच्या क्लॉकला किंवा कशाच्या तरी रीसेटला दिलंय. हा प्रकार मल्टिमीटरला दिसत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि पोरं आठवडा आठवडा घालवतात.

७४९३ हा रिपल काउंटर, पहिला बिट पडला की दुसरा हलतो, दुसरा पडला की तिसरा. ३ वरून ४ ला जाताना ०११ एकदम १०० होत नाही. आधी ०१०, मग ०००, मग १००. मधले दोन आकडे काही दहा-वीस नॅनोसेकंदच टिकतात, पण डिकोडर प्रामाणिक आहे, तो वाय-२ आणि वाय-० वर तेवढ्या वेळापुरता लो देऊनच टाकतो. एलईडीला फरक पडत नाही, फ्लिपफ्लॉपला तेवढं पुरतं. ७४१६१ किंवा १६३ सारखा सिंक्रोनस काउंटर लावला तर खूप कमी होतं, पण चारही फ्लिपफ्लॉप अगदी एकाच क्षणी थोडेच बदलणार, त्यामुळे पूर्ण जात नाही.

बरेच जण डिकोडरच्या आउटपुटला छोटा कपॅसिटर लावून हे दाबतात. दाबलं जातं पण, त्यानंतर एज (हाय-लो बदलण्याचा क्षण) इतका आळशी होतो की पुढची आयसी त्याच एका एजवर दोनदा ट्रिगर होते, आणि उन्हाळ्यात चालणारं सर्किट थंडीत बंद. मला हा उपाय पटत नाही. त्यापेक्षा एनेबल कशासाठी दिलाय? काउंटर बदलत असेल तेवढा वेळ डिकोडरच बंद ठेवायचा. १६१ क्लॉक वर चढताना पुढे जातो, म्हणून तोच क्लॉक डिकोडरच्या पिन ४ ला द्या, क्लॉक हाय असताना, म्हणजे बदल चालू असताना, सगळे आउटपुट हाय, आणि क्लॉक खाली आला की मगच निकाल बाहेर. ७४९३ क्लॉक उतरताना पुढे जातो, तिथे क्लॉक पिन ६ ला द्या. एक तार, शून्य रुपये. एलईडी अर्धाच वेळ लागतील, म्हणून थोडे मंद दिसतील, ते चालवून घ्या.

आणि फक्त धावते दिवे हवे असतील तर हा सगळा खटाटोप सोडा, सीडी४०१७ घ्या. त्यात जॉन्सन काउंटर आणि डिकोडर एकत्रच आहेत, जॉन्सनमध्ये प्रत्येक पावलाला एकच बिट बदलतो म्हणून मधलं खोटं काही तयारच होत नाही. दहा आउटपुट, निवडलेला हाय, सरळ यूएलएनला लावता येतो. मखराला १३८ का वापरतात ते मला अजून कळलेलं नाही, बहुधा लॅबमधून ढापलेली आयसी तीच असते.

दोन १३८ जोडून सोळा आउटपुट

चौथा बिट डी. इथे नेहमी दिसणारी चूक म्हणजे डी दोन्ही आयसींच्या पिन ६ ला देणं, मग दोन्ही एकदम जाग्या होतात आणि वाय-३ बरोबर अकरावाही लागतो. एकीच्या पिन ६ ला डी द्या आणि दुसरीच्या पिन ४ ला तोच डी. डी लो असताना दुसरी चालेल, ० ते ७, डी हाय झाला की पहिली, ८ ते १५. बाकीचे एनेबल बांधायचे तसेच बांधा. इन्व्हर्टर लागत नाही, दोन जातींचे एनेबल याच कामासाठी दिलेत.

८०८५ प्रोसेसरचा किट असेल आणि मेमरीत भलतीच व्हॅल्यू वाचली जात असेल तर तिथेही असलंच काही असतं. ए१५, ए१४, ए१३ डिकोडरला दिले की प्रत्येक आउटपुट ८ केबीचा तुकडा पकडतो, वाय-० ला ००००, वाय-१ ला २०००, असं हेक्समध्ये शेवटी ई०००. इथे प्रोसेसरचा ए१५ हा मोठा बिट, तो डिकोडरच्या सी ला जातो, उलटा लागला तर २००० ची रॅम ८००० ला सापडते, वरचं ० ४ २ ६ आठवा. आणि आयओ-एम ची तार (काम मेमरीचं की पोर्टचं ते सांगणारी) पिन ४ किंवा ५ ला हवीच. ती नसेल तर इन आणि आउट कमांडच्या वेळीही मेमरी जागी होते, कारण ८०८५ पोर्टचा नंबर वरच्या आठ ॲड्रेस तारांवर पण तसाच पाठवतो. पोर्ट २० हेक्स वाचायला गेलात की वाय-१ ची मेमरी मधे बोलते.

सेव्हन सेगमेंटवाले

तुमचा डिकोडर वेगळा पण रडगाणं तेच. ७४४७ आणि ४५११ दोन्हीत इनपुट ओळीने नाहीत, ए पिन ७ ला, बी १ ला, सी २ ला, डी ६ ला. ७४४७ कॉमन ॲनोडला, ४५११ कॉमन कॅथोडला, अदलाबदल केली तर काही जमत नाही. फक्त ० दिसत नाही आणि बाकी सगळे दिसतात? ७४४७ चा पिन ५ लो आहे, तो पुढचे शून्य गाळण्यासाठी असतो, हाय करा. ४५११ वर आकडा गोठलाय? पिन ५ हाय आहे, तिथे तो लॅच (आकडा धरून ठेवणारा) असतो, लो करा. ६ ला वरची शेपटी नाही, ९ ला खालची नाही, ती आयसीच तशी आहे, शेपटीवाला हवा तर ७४एलएस२४७. १० ते १४ ला ७४४७ विचित्र चिन्हं दाखवतो, तेही तसंच आहे, ४५११ तिथे कोरा राहतो. १ लखलखीत आणि ८ मंद, तर तुम्ही कॉमनला एकच रेझिस्टर लावून पैसे वाचवलेत, सात लावा.

३.३ व्होल्टचा बोर्ड

ईएसपी३२ वरून पाच व्होल्टवर चालणाऱ्या एचसी१३८ ला सिग्नल देताय, टेबलावर चालतं आणि डब्यात बंद केलं की उड्या मारतं. पाच व्होल्टवर एचसीला हाय समजायला साधारण ३.५ लागतात, तुम्ही देताय ३.३. टेबलावर चाललं ते नशीब. एचसीटी१३८ घ्या, त्याला २ व्होल्ट पुरतात, किंवा एचसीलाच ३.३ वर चालवा. एलएसचं आउटपुट एचसीला देतानाही हाच घोळ, एलएसच्या हायची हमी २.७ चीच आहे.

आणि आयसी खरंच गेलीय का ते बघायचं तर ती एकटी काढून रिकाम्या बोर्डवर लावा. १६ पाच व्होल्टला, ८ ग्राउंडला, मधे १०४, ६ पाच व्होल्टला, ४ आणि ५ ग्राउंडला, आणि १, २, ३ तिन्ही तारेनेच ग्राउंडला, स्विच नको, रेझिस्टर नको. पिन १५ ला अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, बाकीच्या सातांवर एलएस असेल तर साडेतीनच्या आसपास, एचसी असेल तर जवळपास पाच. मग फक्त पिन १ हाय, तर १४ लो. फक्त २ हाय, १३ लो. फक्त ३ हाय, ११ लो. तिन्ही हाय, ७ लो. एवढं बरोबर आलं की आयसी परत जागेवर लावा आणि वरून पुन्हा सुरू करा. वरचं छापील पुसट असेल आणि एलएस की एचसी कळत नसेल तर एक इनपुट मोकळं सोडून मोजा, एलएसवर दीड व्होल्टच्या आसपास स्थिर आकडा येतो, एचसीवर शून्याकडे घसरतो किंवा भटकत राहतो. आणि नऊ व्होल्टची बॅटरी सरळ १६ ला लावली असेल तर यातलं काही मोजू नका, या आयसींची कमाल मर्यादाच ७ व्होल्ट आहे, नवी आणा आणि बॅटरी आणि आयसीच्या मधे ७८०५ टाका.